दोन वर्षांचे झाड, या वयात?

वाचकहो, गणपती गावाला गेले की आमच्या सांगलीत बागेच्या कामाला पुन्हा हात घालावासा वाटतो. पावसाचा जोर ओसरलेला असतो, माती आतून ओली असते आणि ऑक्टोबरच्या कडक उन्हाला अजून थोडा अवकाश असतो. बारीक बी पेरण्यासाठी वर्षातील हे पंधरा-वीस दिवस फार मोलाचे. म्हणूनच या अंकात एका उंच, पिवळ्या फुलांच्या झाडाविषयी लिहिण्याचे योजले आहे.

निमित्त वाचकांच्या पत्रांचे. हिमाचल किंवा काश्मीरची सहल करून आलेल्या काहींनी विचारले आहे, ‘तिकडे रस्त्याकडेला पुरुषभर उंचीचे, लोकरीसारख्या पानांचे आणि पिवळ्या तुऱ्याचे झाड पाहिले. ते खोकल्यावर औषध म्हणून सांगतात. आमच्या अंगणात लावता येईल का?’ एका ज्येष्ठ वाचकांनी त्यापुढे एक ओळ जोडली आहे, ‘हे झाड दुसऱ्या वर्षी फुलते असे ऐकतो. माझे वय ७९. आता ते लावण्यात अर्थ आहे का?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर माती, पाणी आणि हवामानात मिळते. दुसऱ्याचे उत्तर देण्यासाठी थोडे घरातले सांगावे लागेल. पहिल्यापासून सुरुवात करू.

डोंगरावरचे लोकरपान

या झाडाचे शास्त्रीय नाव व्हर्बास्कम थॅप्सस. उत्तरेत त्याला ‘गीदड तंबाकू’ म्हणतात. निपाणीकडची तंबाखूची शेते पाहिलेल्या आपल्या भागातील माणसाला हे नाव चटकन पटेल, कारण पानांची ठेवण दुरून तशीच वाटते. जवळ जाऊन हात लावला की फरक कळतो. तंबाखूचे पान चिकट लागते, याचे पान जाड लोकरी कापडासारखे मऊ लागते. मराठीत त्याला रूढ नाव नाही, म्हणून या लेखापुरते आपण त्याला ‘लोकरपान’ म्हणू.

लोकरपानाचे आयुष्य दोन वर्षांचे. पहिल्या वर्षी ते जमिनीलगत पानांचे एक मोठे चक्र पसरते आणि खाली सोटमूळ खोल नेते. पाहणाऱ्याला वाटते, याची वाढ खुंटली. प्रत्यक्षात ते साठवण करीत असते. मग कडाक्याची थंडी पडते. ती सोसल्यानंतर दुसऱ्या वर्षी त्या चक्राच्या मध्यातून सरळ दांडा निघतो, सहा फुटांपर्यंत आणि कधी त्याहूनही वर जातो, आणि त्यावर पिवळी फुले उमलतात. प्रत्येक फूल एका दिवसाचे. पहाटे उमलते आणि दुपार कलली की मिटते. दांड्यावर मात्र कित्येक आठवडे रोज नवी फुले येत राहतात. बी तयार झाले की झाड संपते.

युरोपात पूर्वी याचे वाळलेले दांडे चरबीत बुडवून मशाली करीत आणि पानांवरच्या लवेच्या दिव्यासाठी वाती वळत. आपल्याकडे दुपारच्या निवांत वेळी कापसाच्या वाती वळणाऱ्या हातांना हे वाचून गंमत वाटेल.

आता सांगलीत ते लावावे का? माझे प्रामाणिक उत्तर असे की, त्यावर भिस्त ठेवू नये. लोकरपानाला दांडा फुटण्यासाठी रोपावस्थेत दीर्घकाळ चांगली थंडी मिळावी लागते. आपल्या सपाटीवरची थंडी सौम्य आणि थोड्या दिवसांची. पानांचे चक्र येईल, पण ते फुलावर येईलच असा भरवसा नाही. बरे, थंडीसाठी महाबळेश्वर गाठावे, तर तेथे पावसाळ्यात साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. लोकरी पानांत पाणी साचून मूळ आणि गाभा कुजतो.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. याचे एकच झाड लाखाहून अधिक बी टाकू शकते. हवाई बेटांवर आणि ऑस्ट्रेलियात ते बाहेरून गेले आणि उपद्रवी तण ठरले. साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ पासून जागतिक वारशाचा भाग आहे. तेथील इवल्या रानफुलांच्या शेजारी बाहेरचे, भरपूर बी टाकणारे झाड पोचवणे हा अपराधच ठरेल. सहलीहून येताना पिशवीतून, बुटाच्या तळव्यातून बी येते. कास, महाबळेश्वर, पाचगणी येथे जाण्यापूर्वी बूट झटकावेत आणि तेथे कोणतेही बी टाकू नये, एवढे पथ्य आपण सर्वांनी पाळावे.

कृष्णाकाठची धाकटी बहीण

निराश होण्याचे मात्र कारण नाही. याच कुळातील एक देशी वनस्पती आपल्या मैदानी मुलखात नदीकाठी, ओलसर पडीक जागी, शेताच्या बांधावर आपोआप उगवते. तिचे आजचे शास्त्रीय नाव व्हर्बास्कम चायनेन्स. जुन्या ग्रंथांत ती ‘सेल्सिया’ या नावाने आढळते. हे नाव स्वीडनमधील उप्साला येथील विद्वान ओलोफ सेल्सियस यांच्या सन्मानार्थ लिनियसने दिले. तापमान मोजताना आपण ज्यांचे नाव घेतो, त्या अँडर्स सेल्सियस यांचे हे काका. आपणही तिला सेल्सियाच म्हणू.

सेल्सिया थोरल्या बहिणीइतकी उंच होत नाही. कमरेपर्यंत आली तरी पुष्कळ. पाने लोकरी नसतात, लव मात्र असते. खालची पाने कडेने कातरलेली, वरची लहान होत जाणारी. पिवळ्या फुलाच्या मध्याशी तांबूस-जांभळट छटा असते आणि पुंकेसरांवर जांभळे केस असतात. लोकरपानाच्या फुलात पुंकेसर पाच, सेल्सियाच्या फुलात चार. भिंग घेऊन नातवंडांसोबत मोजावेत असे हे काम आहे. हिवाळ्याच्या उत्तरार्धापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत ती फुललेली दिसते. तिला बर्फाळ थंडी लागत नाही. पावसाळ्याअखेर उगवून बहुधा पुढील उन्हाळ्यापर्यंत ती आपले आयुष्य पुरे करते, क्वचित त्याहून अधिक काळ घेते. म्हणजे सांगली, मिरज, कराड, वाई येथील अंगणासाठी हीच योग्य.

आमच्या परसातील गोष्ट

आता घरातले सांगते. आमचे जुने घर गावभागात, नदीपासून फार लांब नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा आम्ही विश्रामबागेत नातलगांकडे होतो. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून कल्पना यावी. परतलो तेव्हा परसात वीतभर गाळ साचला होता. सासूबाईंनी तीस वर्षे वाढवलेला मोगरा कुजला होता, कृष्णतुळस गेली होती, अनंताचे झाड आडवे झाले होते. सासूबाई तेव्हा ७८ वर्षांच्या होत्या. त्यांनी दारातूनच सारे पाहिले आणि त्या आत गेल्या. पुढे कित्येक आठवडे त्यांनी परसदार उघडले नाही.

दसऱ्याला मी रोपवाटिकेतून मोगरा आणू का, असे विचारले. त्या म्हणाल्या, “नको गं. मोगरा भरायला दोन वर्षं लागतात. माझ्या वयाला दोन वर्षांचं झाड कशाला लावायचं?” या बोलण्यावर काय उत्तर द्यावे, हे मला सुचले नाही. घरात वृद्ध माणूस असलेल्या अनेकांनी हे वाक्य कोणत्या ना कोणत्या रूपात ऐकले असेल. नवा चष्मा, नवे जोडे, दातांची कवळी, कशाचाही विषय निघाला की ते पुढे येते. जेवण कमी होते, झोप बिघडते, फिरणे थांबते, आणि आपण त्याला वय म्हणून सोडून देतो.

दिवाळीनंतर त्या गाळाच्या कोपऱ्यात पानांचे एक लहानसे चक्र दिसू लागले. मी तण समजून उपटणार होते. सासूबाईंनी खिडकीतून हाक मारून थांबवले. “असू दे. एवढ्या चिखलातून आलंय ते.” माघात दांडा निघाला, फाल्गुनात पिवळी फुले आली. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका परिचितांनी पाहून सांगितले, ही सेल्सिया. बी नदीच्या गाळाबरोबर आले, की आमच्याच मातीत कधीपासून पडून होते, हे कोणालाच सांगता येणार नव्हते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीने उंबरठा ओलांडायचा नाही, असे ते दिवस. सासूबाई सकाळी चहाचा कप घेऊन परसदारी खुर्ची टाकून बसू लागल्या. काल किती फुले होती, आज किती, याची त्या नोंद ठेवू लागल्या. मे महिन्यात वाळलेले बी त्यांनी स्वतः झाडून कागदी पाकिटात भरले आणि वर वर्ष लिहिले.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. परसातील रोपे पुन्हा गेली. पण पाकीट माळ्यावर कोरडे होते. त्या वर्षी गाळ उपसून होताच त्यांनीच विचारले, “पाकीट कुठंय?”

बी किती वाट पाहते

बी दीर्घकाळ जिवंत राहण्याविषयी या कुळाची मोठी ख्याती आहे. १८७९ मध्ये अमेरिकेतील मिशिगन येथे विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने वीस बाटल्या ओलसर वाळूने भरल्या. प्रत्येकीत वीसहून अधिक जातींचे प्रत्येकी पन्नास बी घातले आणि त्या बाटल्या जमिनीत पुरून ठेवल्या. ठरावीक वर्षांनी एक बाटली उकरायची आणि किती बी उगवते ते पाहायचे. बील १९२४ मध्ये निवर्तले. त्यांच्यामागे एका पिढीने दुसरीच्या हाती जागेचा नकाशा दिला आणि प्रयोग चालू राहिला.

२००० साली, म्हणजे १२० वर्षांनी उकरलेल्या बाटलीतून लोकरपानाच्या जवळच्या नात्यातील व्हर्बास्कम ब्लॅटारिया या जातीच्या ५० पैकी २३ बियांना अंकुर फुटले. २०२१ मध्ये पुढची बाटली उकरली, तेव्हाही याच कुळाची रोपे उगवली. उजेड लागून बी जागे होऊ नये म्हणून बाटली रात्री उकरली गेली. पुढची पाळी २०४० मध्ये आहे आणि अखेरची २१०० मध्ये. प्रयोग सुरू करताना बील ४६ वर्षांचे होते. शेवटची बाटली आपण उकरणार नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

ज्या वाचकांनी ‘अर्थ आहे का’ असे विचारले, त्यांना मी हे सारे सांगत आहे. आपण फूल पाहू की नाही, हे चाळिशीतल्या माणसालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. पण पेरल्यानंतर उद्या सकाळी उठून कुंडीजवळ जाण्याचे कारण मिळते, ते मात्र त्याच दिवसापासून मिळते.

पेरणीची रीत

बी मिळवण्यासाठी नदीकाठी किंवा शेताच्या बांधावर फुललेले झाड आधी जाणकाराकडून ओळखून घ्यावे. जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागात छायाचित्र दाखवल्यास बहुधा आनंदाने मदत होते. एप्रिल-मे मध्ये बोंडे तपकिरी झाली की दांडा कापून कागदी पिशवीत उलटा धरून झटकावा. बी सावलीत आठवडाभर वाळवावे आणि कागदी पाकिटात ठेवून वर नाव व वर्ष ठळक लिहावे. ज्यांच्याकडे बी नाही, त्यांनी या वर्षी दिवाळीनंतर नदीकाठावर आपोआप उगवलेले लहान रोप मातीच्या गोळ्यासह उचलून आणावे. मोठे रोप उपटू नये. सोटमूळ तुटले की ते जगत नाही.

कुंडी किमान बारा इंच खोल असावी. आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते आणि मूळ कुजवते. म्हणून दोन भाग माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग जुने शेणखत असे मिश्रण करावे. तळाशी विटांचे तुकडे घालावेत. खत याहून अधिक नको. खताने झाड माजते आणि दांडा वाऱ्याने कलतो.

बी अगदी धुळीसारखे बारीक असते. थरथरत्या हातांना ते चिमटीत धरणे अवघड. त्यावर सोपा उपाय असा की, चिमूटभर बी मूठभर कोरड्या वाळूत मिसळावे आणि भोके असलेल्या मिठाच्या रिकाम्या डबीतून ओल्या मातीवर शिंपडावे. वरून माती घालू नये, कारण या बियांना उगवण्यासाठी उजेड हवा. फक्त तळहाताने हलके दाबावे. झारीने पाणी घातल्यास बी वाहून जाते. कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्यावी किंवा फवारा वापरावा. साधारण दोन-तीन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसू लागतात.

रोपांना चार-सहा पाने आली की सशक्त तेवढी ठेवून बाकीची विरळ करावीत. एका कुंडीत एकच रोप, जमिनीत लावल्यास दीड फूट अंतर. दिवसाचे पाच-सहा तास ऊन हवे. बोटाच्या एका पेराइतकी माती कोरडी झाली की पाणी द्यावे आणि ते पानांच्या चक्राच्या मध्यात साचू देऊ नये. फुले संपली की एक दांडा बियांसाठी राखून बाकीचे कापावेत. नाहीतर पुढच्या वर्षी शेजाऱ्यांच्या अंगणातही रोपे उगवतील.

काही पुस्तकांत मुळांचे तुकडे लावून रोपे करण्याची कृती आढळते. ती थंड प्रदेशातील बहुवर्षायू शोभेच्या जातींसाठी आहे. जे झाड फुलून, बी देऊन संपते, त्याची मुळे कापून उपयोग नाही. आपल्यासाठी बी हाच मार्ग.

वयाला जपून

बागकाम सकाळी नऊपूर्वी आटोपावे. कुंडी जमिनीवर न ठेवता कट्ट्यावर किंवा जुन्या मजबूत स्टुलावर ठेवावी, म्हणजे खुर्चीत बसून काम होते आणि गुडघ्यांवर भार येत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी वाकून एकदम उठू नये. आधी सरळ बसावे, चार श्वास घ्यावेत, मग आधाराने उभे राहावे. पाण्याची झारी एक लिटरहून मोठी नको.

हातमोजे आणि बंद पादत्राणे अवश्य. मधुमेह असणाऱ्यांच्या पायाला जखम झाली तरी कळत नाही, म्हणून काम झाल्यावर तळपाय पाहावेत किंवा घरच्यांनी पाहून द्यावेत. धनुर्वाताची लस घेऊन किती वर्षे झाली, हे डॉक्टरांना सांगावे. पुराचा गाळ ज्येष्ठांनी उपसू नये. त्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखा आजार होऊ शकतो. गाळ निघून, ऊन खाऊन माती कोरडी झाल्यावरच तिला हात लावावा.

काळजीवाहकांसाठी एक विशेष सूचना. हे बी दिसायला खसखशीसारखे बारीक असते. ते स्वयंपाकघरातील डब्यांच्या शेजारी कधीही ठेवू नये. या कुळातील बी विषारी आहे. युरोपात ते पाण्यात टाकून मासे गुंगवीत असत. घरात स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती असेल तर पाकीट कुलपात ठेवावे आणि पेरणी शेजारी बसून करवून घ्यावी.

आणि खोकल्याचे काय?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. लोकरपानाची पाने दुधात उकळून खोकल्यावर देण्याची प्रथा आयर्लंडमध्ये फार जुनी. १८८३ मध्ये डब्लिन येथील डॉ. क्विनलान यांनी क्षयाच्या रुग्णांवर ती आजमावून आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. खोकला हलका झाला, आजाराच्या सुरुवातीच्या रुग्णांचे वजन वाढले, असे त्यांना दिसले. त्यात पानांचा वाटा किती आणि रोजच्या भरपूर दुधाचा किती, हे वेगळे करणे कठीण. क्षय त्याने बरा झाला नाही. आपल्याकडेही मिरज-सांगलीच्या दरम्यान वानलेसवाडीच्या आरोग्यधामात स्वच्छ हवा, विश्रांती आणि सकस आहार यांवरच एकेकाळी भिस्त होती. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि पुढे नेमकी औषधे मिळाली, तेव्हा कोठे क्षय आटोक्यात आला.

म्हणून माझी विनंती अशी की, लोकरपान असो वा सेल्सिया, तिचा काढा घरी करू नये. पानांवरची लव घशाला आणि त्वचेला टोचते. खोकला त्याने बरा होतो, हे माणसांवरील भक्कम चाचण्यांनी सिद्ध झालेले नाही. फुलांचे तेल कानात घालण्याची युरोपीय प्रथाही अनुसरू नये. पडद्याला छिद्र असेल तर अपाय होतो. शिवाय पहिल्या वर्षीचे लोकरपान आणि फॉक्सग्लोव्ह, म्हणजेच डिजिटॅलिस, यांची जमिनीलगतची पाने एकमेकांसारखी दिसतात. डिजिटॅलिसच्या कुळातूनच हृदयविकारावरचे डिगॉक्सिन मिळते आणि त्याची मात्रा किंचित चुकली तरी जिवावर बेतते. हृदयाची औषधे घेणाऱ्या माणसाने अनोळखी पानाचा प्रयोग करणे म्हणजे आगीशी खेळ.

दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, थुंकीत रक्त, यांपैकी काहीही असल्यास जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्यावी. ही तपासणी आणि क्षयाचे औषधोपचार तेथे विनामूल्य होतात. झाड अंगणात असू द्यावे, औषध डॉक्टरांकडून घ्यावे.

आमच्या घरी यंदाची तयारी झाली आहे. सासूबाईंना आता परसदारापर्यंत चालवत नाही, म्हणून कुंडी त्यांच्या खिडकीपाशी कट्ट्यावर आणली आहे. मिठाची डबी धुऊन वाळत ठेवली आहे. पेरणी येत्या रविवारी, डबी त्यांच्या हातात आणि हाताखाली माझा हात. मोगराही आहे. तो २०२१ च्या दसऱ्याला त्यांनीच सांगून आणवला आणि दोन वर्षांनी भरला.

आपल्या घरातही असे एखादे पाकीट असेल, कोथिंबिरीचे, झेंडूचे, गुलबक्षीचे. या पंधरवड्यात ते बाहेर काढावे आणि घरातील सर्वांत ज्येष्ठ हातांना पेरायला द्यावे. उगवले की आम्हाला अवश्य कळवावे. पुढील अंकात थंडीतील सांधेदुखी आणि बसल्या जागी करायचे व्यायाम यांविषयी.